मागचं डावं चाक

साहेबांनी गॅरेजवर येताना घरून ताणकाटा आणला होता. मिस्त्रीनं दाखवायला काढलेलं ॲलॉयचं चाक त्यांनी आकड्याला अडकवलं, दोन्ही हातांनी उचललं आणि चष्मा सावरत वजन वाचलं.

"तुम्ही सांगितलंत त्यापेक्षा पाव किलो जास्त भरतंय."

"मधली टोपी धरली नव्हती, साहेब."

"धरायला हवी होती."

मागं उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीनं मिस्त्रीकडे बघून हळूच मान हलवली. ते साहेबांच्या नजरेतून सुटलं नाही. वजनमापं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांकडे असे बघायला लागले की मापात काहीतरी खोट आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. दोनच माणसांची, टप उघडणारी, त्यांच्या लग्नाआधीची. तिची चारही स्पोकची चाकं काढून भिंतीला टेकवली होती. समोर ताडपत्रीवर दोन नव्या जातीची चाकं मांडली होती. एक ॲलॉयचं, चकचकीत. दुसरं पत्र्याचं, गोल भोकांचं, साधं.

"बाबा, कुठलंही घ्या, पण आजच्या आज ठरवा," मुलगी म्हणाली.

"घाई कुणाला आहे? तुला, की यांना?"

"तुमच्या जिवाची काळजी आहे, दुसरं काय!"

काळजी! गाडी विका म्हणून ती कधीपासून मागं लागली होती. आज चाकं जातील, उद्या गाडी जाईल. आणि हा मिस्त्री, 'जुनी चाकं इथेच राहू द्या, मी बघतो त्यांचं' असं दोनदा म्हणाला होता. दोनदा! साहेब भिंतीपाशी गेले, वाकले आणि एकेका चाकाच्या आत डोकावले.

"तुमच्या पेन्सिलीच्या खुणा जागेवर आहेत," मिस्त्री म्हणाला. "चारही. मी कालच बघितल्या. काही बदललेलं नाही मी."

मुलीला हसू आलं. साहेबांना आलं नाही.

"या चाकांना झालंय काय, ते सांगा. माझी बायको दर आठवड्याला ती पुसायची. एकेक स्पोक, हातानं. ती जाईपर्यंत. काही बिघडलं असतं तर तिनं मला सांगितलं नसतं?"

मिस्त्रीनं एक बारीक पाना घेतला आणि पहिल्या चाकाच्या स्पोकवर टिचक्या मारत गेला. टिण, टिण, टिण. सगळे एका सुरात. दुसरं चाक तसंच. तिसरंही. चौथ्यावर आवाज मध्येच बसला. टिण, टिण, ठप्प. टिण, ठप्प.

"आणा इकडे." साहेबांनी पाना हिसकावून घेतला. स्वतः ठोकलं. उलट बाजूनं ठोकलं. पाच स्पोक मुके होते.

"काल दिवसभर गाडी तुमच्याकडे होती," ते सावकाश म्हणाले. "पाच स्पोक तोडायला किती वेळ लागतो?"

"बाबा!"

मिस्त्रीचा चेहरा उतरला. त्यानं खिशातला चाकू काढला, चाक उजेडात ओढलं आणि दोन स्पोक एकमेकांवरून जात होते तिथला चंदेरी रंग खरवडला. आतून तांबूस काहीतरी चमकलं. केसासारखी बारीक तांब्याची तार. तुटलेला स्पोक शेजारच्या धडक्या स्पोकला बांधलेला. सात-आठ वेढे, एकाला एक चिकटून, आणि शेवटचं टोक कुणाला बोचू नये म्हणून आत खोचलेलं.

"मीच तोडले," मिस्त्री म्हणाला, "आणि मीच असे बांधले? वर रंगही मीच दिला? साहेब, हा रंग एका दिवसाचा नाही. हे तुटून दोन-तीन वर्षं तरी झालीत."

साहेब वाकून बघत राहिले. मिस्त्री चाकाकडे बघायचं सोडून त्यांच्या कानाकडे बघायला लागला होता. मग मुलीनंही बघितलं.

"बाबा, चष्मा काढा जरा."

त्यांनी काढला. बिजागरीपाशी दांडी मोडली होती, तिथं तीच बारीक तार होती. तेच वेढे. टोक आत खोचलेलं.

"ही दांडी तिनंच बांधून दिली होती," साहेब म्हणाले.

"मी दर फोनला विचारायचे," मुलगी म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "गाडी ठीक आहे ना गं आई, नाहीतर विकून टाका. ती म्हणायची, अगदी ठणठणीत आहे. तुझ्या बाबांना नको काही बोलूस."

साहेबांनी चष्मा परत घातला.

"हे कुठलं चाक?"

"मागचं, डावं," मिस्त्री म्हणाला. "बाजूच्या सीटखालचं."

साहेबांनी ताडपत्रीकडे बोट केलं. "ती पत्र्याची बसवा. भोकांची."

"बसवतो. दोन तासांत गाडी तयार."

"आत्ता नाही. आधी ही चारही परत लावा आणि मला एक फेरी मारून आणा. तुम्ही चालवा."

साहेबांनी डावीकडचं दार उघडलं आणि गाडी ठोकळ्यांवर असतानाच आत जाऊन बसले. या बाजूला ते कधीच बसले नव्हते. गुडघे पुढच्या फळीला टेकत होते.

"साहेब, त्या चाकावर?" मिस्त्री म्हणाला. "पाच स्पोक तुटलेत. आता माहीत असताना कोण बसेल त्याच्यावर?"

"ती बसत होती," साहेब म्हणाले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.