तिसऱ्या महिन्यातली तारीख

"सकाळपासून चाळीस बाटल्या बाद?" सुपरवायझर तिच्या टेबलाशी येऊन कडाडला. त्यानं एक बाटली उचलून दिव्यासमोर धरली. "कुठाय डाग? लख्ख तर आहे!"

तिला दिसत होता. काळा, जाळीसारखा, हलणारा. तिनं मान वळवली, तर तो भिंतीवरही होता. औषधाच्या बाटल्या तपासण्यात तिची नऊ वर्षं गेली होती. तिच्या नजरेतून केस सुटत नसे. तिला सहावा महिना चालू होता, आणि साखर तर लग्नाआधीपासूनची.

ती तडक डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. नवराही कामावरून धावत आला. डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून बराच वेळ तपासलं आणि त्या भडकल्याच.

"आत रक्त उतरलंय. साखर असली की गरोदरपणात डोळे झपाट्यानं बिघडू शकतात. म्हणून तर तिसऱ्या महिन्यात बोलावलं होतं! का नाही आलात?"

"निघालेच होते की. तुम्हीच रजेवर गेलात ना?"

"मी? एक दिवससुद्धा नाही." बाईंनी कॉम्प्युटरवर पाहिलं. "तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता, अशी नोंद आहे. येणार नाही, बाळंतपणानंतर बघू."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही तर म्हणालात, डॉक्टर रजेवर आहेत."

तो बुटांकडे बघत होता. "त्या थेंबांनी बाळाला काही झालं असतं तर? बाळासाठीच केलं मी. तुला सांगून तू ऐकली असतीस का?"

"थेंबांनी काही होत नाही, लेझरच्या उपचारानंही नाही," बाई म्हणाल्या. "मला विचारायचंत! आता डावा वाचवता येईल. उजव्याचं खात्रीनं सांगत नाही."

तीन महिने हा माणूस रोज जेवताना समोर बसून तिच्या तब्येतीची चौकशी करत होता. चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

"लेझर आजच करू," म्हणत बाईंनी संमतीचा कागद पुढे केला.

"दोन दिवस विचार करून सांगतो," नवरा घाईनं म्हणाला.

तिनं कागद ओढून घेतला. थेंबांमुळे अक्षरं पसरली होती. पेन कागदावर चाचपडलं. ती सही करणारच, हे कळताच त्यानं पटकन तिचं मनगट धरलं आणि सहीच्या जागेकडे नेऊ लागला.

"हात काढ तुझा," ती म्हणाली. "मला दिसतंय."