दहा पावलं मुरूम

"मॅडम, तुमच्या बाबांच्या नावाने स्पर्धा घेतोय, तर ती मुरमाची पट्टी काढून भिंतीपर्यंत हिरवळ करू. फोटो छान येतील," मुख्याध्यापक म्हणाले. मृणाल हो म्हणाली.

बाबांना जाऊन महिना झाला होता. शाळेच्या या मैदानावर ते बेसबॉल शिकवायचे; भिंतीच्या अलीकडे दहा पावलं रुंद, तो मुरूम त्यांनी स्वतः घमेल्याने टाकला होता. "गवत संपलं वाटतं," असं तिने चिडवलं, तेव्हा ते नुसते हसले होते.

समोर सराव चालला होता. चेंडू उंच गेला आणि एक मुलगी आभाळात डोळे लावून भिंतीकडे धावत सुटली. मृणाल तिच्या दिशेने धावली.

बुटांखाली मुरूम करकरला. वर बघतच मुलीने पावलं आवरली, एका हाताने भिंत चाचपली आणि दुसऱ्या हातातल्या ग्लोव्हमध्ये चेंडू झेलला.

"भिंत दिसली कशी गं?" मृणालने विचारलं.

"दिसत नाही, ताई. पायांना कळते. सर म्हणायचे, तुम्ही चेंडू बघा, भिंतीचं मी बघतो."

"पट्टी राहू द्या," मृणाल मुख्याध्यापकांना म्हणाली, आणि चपला काढून मुरमावर उभी राहिली.