माहेरचा जबाब

"जमादार काका, जिला स्वतःची कूस बदलता येत नाही, तिच्या पायात बेडी कशाला?"

शिवकन्यानं विचारलं आणि चहाचा कप पुढं धरून उभी राहिली. सकाळी वर्गातल्या पोरींनी पैज लावली होती. घरी पोलीस येणार म्हणतेस ना, मग एवढं एक विचारून दाखव. तिनं दाखवलं. आवाज जरासुद्धा कापला नाही, याचं तिचं तिलाच लई भारी वाटलं.

शफीक जमादारांनी कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. तिचे वडील, कारभारी, चितेगावच्या कंपनीतून नुकतेच आले होते. अंगावरचा युनिफॉर्मही तसाच होता. त्यांनी पोरीकडं असं बघितलं, की एरवी ती स्वयंपाकघरात पळाली असती.

ती पळाली नाही.

"नियम आहे, बेटा," जमादार म्हणाले. "दवाखान्यात असली तरी कैदीच. पॅरोल मिळाला तर बेडी निघंल. त्याच्याच चौकशीला आलोय." मग ते कारभारीकडं वळले. "बोला कारभारीभाऊ. बहीण तुमची. लकव्यानं एक बाजू गेली. डॉक्टरनं लिहून दिलंय, जेलमधी ठेवण्यासारखी नाय. आता कुणीतरी घरी ठेवून घेतो म्हणलं पाहिजे. पिशोरला तिच्या सासरी जाऊन आलो. त्यांनी दारातूनच सांगितलं, आमचा पोरगा मारला तिनं, तिचं नाव काढू नका. त्यांचं तरी काय चुकलं? राहिलं माहेर. माहेर म्हणजे तुम्ही."

"आम्हाला जमत नाय," कारभारी म्हणाले. "लिहा तसं."

"का जमत नाय, ते पण लिहावं लागतं."

कारभारींनी हनुवटीनंच शिवकन्या दाखवली. "ही आता दहावीला. उद्या हिचं लग्न करायचंय. कोण येईल या दारात? गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, बहीण पुण्याला असती म्हणून."

"पप्पा, माझं नाव त्या जबाबात टाकायचं नाय."

"आत जा."

"नाय जात. आणि ते पुण्याचं पण सोडा आता. मी वर्गात सांगून टाकलंय."

तिची आई, आशाबाई, पिठाच्या हातानंच बाहेर आली. "काय सांगितलं गं?"

"माझी आत्या जेलमध्ये होती, आता दवाखान्यात पडून आहे. द्वारकाबाई नाव तिचं. सगळं सांगितलं."

"अगं माय! अन् पोरी काय म्हणल्या?"

"एक म्हणाली, माझा मामा पण आतच आहे. बाकीच्यांनी डबे उघडले. भूक लागली होती ना, मम्मी."

जमादारांना हसू आलं. "कारभारीभाऊ, ही पोरगी आमच्या खात्यात द्या. जबाब चांगला घेईल."

कारभारी हसले नाहीत. शिवकन्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्या वर्गातल्या राहतला तर कधीचंच माहिती होतं, पप्पा. तिची अम्मी आत्याच्याच वॉर्डात नर्स आहे. आत्याला घास त्याच भरवतात. अर्धा बाहेर सांडतो. बोलणं कुणाला कळत नाय तिचं. एकच शब्द कळतो, असं म्हणतात त्या."

"कोणता?" आशाबाईनं विचारलं.

"कारभारी."

बाहेर गल्लीत गॅसवाल्यानं टाक्यांवर पाना आपटला. कारभारी आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागले. एक सुटली, दुसरीला गाठ बसली.

"काका, ठेवून घेतो म्हणून मी सही केली तर?"

"तुझी चालत नाय, बेटा. रक्ताचं माणूस पाहिजे आणि अठरा पूर्ण पाहिजेत. या घरात तसा एकच आहे." जमादारांनी पेन पुढं धरलं नाही. नुसतं चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

"आणि सही झाली तरी पुढं काय?" आशाबाई घाईनं म्हणाली. "तिचं अंथरुणातलं सगळं मलाच करायचं. ते करीन मी एक वेळ. पण तिला आणायला कोण जाणार? तुझे पप्पा त्या दारात पाय ठेवायचे नायत. मला तर तिच्या तोंडाकडं बघायची भीती वाटती."

"सासरवाशिणीला आणायला माहेरून मुराळी जातो ना?"

"ती सासरवाशीण आहे का आता? अन् मुराळी म्हणून भाऊ जातो, न्हायतर भाचा. पोरी जात नसत्यात."

"कोण म्हणालं?"

कारभारी नाडीची गाठ नखांनी ओढत होते. ती आणखीच आवळत चालली होती.

शिवकन्यानं दारातली चप्पल पायात सरकवली. जमादार काहीतरी म्हणणार होते, पण त्यांनी उगीच कप उचलून गार चहाचा घोट घेतला.

"मम्मी, पप्पा, नीट ऐकून घ्या. मी आता दवाखान्यात चाललेय. राहतच्या अम्मींची ड्यूटी आहे, त्यांच्यापाशी बसेन. वॉर्डात सोडलं नाही तर दाराबाहेर बसेन. अभ्यास तिथं करेन, शाळेतही तिथूनच जाईन. आत्याची मुराळी मी आहे."

ती उंबऱ्यातून मागं वळली.

"आणि मुराळी एकटा परत येत नसतो, पप्पा."