घासूनपुसून

मास्तर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, त्या आठ दिवसांत मास्तरीणबाईंनी कंबर कसली. सोमवारी संग्रहालयाची माणसं मास्तरांनी चाळीस वर्षांत जमवलेले शंख न्यायला येणार आणि शंख तर धुळीनं माखलेले! त्यांनी एकेक डबी रिकामी केली, शंख ब्रशनं घासले, तेलाचा हात फिरवला आणि रंगांप्रमाणे टेबलावर मांडले. मोहरीएवढे, मुठीएवढे, काटेरी, पट्ट्यापट्ट्यांचे, आतून गुलाबी. खोली नुसती झळकत होती.

मास्तर काठी टेकत आले आणि दारातच थबकले.

"अगं, डब्यांतल्या चिठ्ठ्या?"

"ते पिवळे पडलेले कपटे? कालच केराच्या गाडीत गेले. तुम्हाला काय, सगळं तोंडपाठ आहे की!"

मास्तर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "छान दिसतायत."

मास्तरीणबाई हरखल्या. एरवी कुठला किनारा, कुठला खडक, भरती होती की ओहोटी, हे पुराण सुरू झालं की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. आज मात्र हौसेनं त्यांनी एक मोहरीएवढा शंख तळहातावर घेऊन मास्तरांपुढे धरला.

"सांगा बघू, हा कुठला?"

मास्तरांनी तो उजेडाकडे धरून इकडून तिकडून पाहिला, आणि अलगद बाईंच्या हातात परत ठेवला.

"समुद्रातला," ते म्हणाले.