देवीचा नवा चेहरा

फ्रान्सच्या राजवाड्यासाठी विणलेल्या भल्यामोठ्या भिंतपटावर शिकारीची देवी डायना हरणामागे धावत होती. राजाच्या हुकमावरून म्हाताऱ्या एत्येननं तिचा चेहरा नुकताच उसवला होता.

“जिचा तो चेहरा होता, त्या बाईवरून राजाचं मन उडालं. मठात धाडलं तिला,” चित्र उलगडत मुकादम म्हणाला. “आता देवीला या नव्या लाडकीचा चेहरा विण.”

एत्येननं चित्राकडे पाहिलं. राणीकडे शिवणकामाला जाते असं सांगून गेलेली त्याची एकुलती एक लेक, सोलांज, चित्रातून हसत होती. हनुवटीवरची खळी थेट तिच्या आईची.

“काय रे, ओळखीची आहे?”

एत्येन मागावरून उठला आणि दाराकडे निघाला.

“अरे, काम टाकून कुठं चाललास?”

“लेकीला घरी आणायला.”