हद्दीचा दगड

“तुमच्या माशाबरोबर टाकीत याआधी दुसरं कोणी होतं का?” टाकीवाल्याने विचारलं.

“सहा गप्पी होते,” मोजणीदार म्हणाला. “दुपारपर्यंत याने खाल्ले. मग याच्या बरोबरीचा एक आणला. तो चौथ्या दिवशी मेला.”

टाकीवाला विकायचा मासे, पण चौकशी करायचा मुलीच्या बापासारखी. लांबी किती, स्वभाव कसा, खाण्यापिण्याचं काय. एका वकिलाने म्हणे एकाच टाकीसाठी दोन फायटर, म्हणजे एकमेकांचा जीव घेणारे मासे, मागितले होते. टाकीवाल्याने त्याला अर्धा तास समोर बसवून अबोला धरलेल्या सख्ख्या भावाला फोन करायला लावला. भाऊ एक झाले. मासे काही दिले नाहीत.

मोजणीदाराचा मासा ऑस्कर जातीचा. वीतभर लांब, काळा, अंगावर निखाऱ्यासारखे डाग. पहिल्या बायकोने आणला तेव्हा अंगठ्याएवढा होता. ती जाऊन तीन वर्षं झाली. मासा वाढत राहिला, कारण त्याला कोणी थांब म्हणालं नव्हतं.

त्याला सोबत हवी, हे म्हणणं दुसऱ्या बायकोचं. ती शेजारीच उभी होती. लग्नाला अठरा दिवस झाले होते. दोघंही साठीच्या पुढची. कचेरीत सह्या केल्या, पेन परत दिलं, घरी आले. तिने तेव्हाच सांगून टाकलं होतं, “महिनाभर बघते. जमलं तर राहते, नाहीतर भावाकडे परत जाते. राग मानू नका.”

मोजणीदाराने राग मानला नाही. तीन वर्षांत त्याने कशाचंच काही मानलं नव्हतं. चहात साखर नसली तरी प्यायचा. बोट दारात चेमटलं तर दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं त्याच्याकडे बघत राहायचा.

घर म्हणजे त्याने काढलेला नकाशाच होता. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस. दारापासून खुर्ची सात पावलं, खुर्चीपासून टाकी दोन हात. खोटं वाटेल, पण घरात शिरला की तो चष्मा काढून खिशात ठेवायचा. बघण्यासारखं काही नव्हतंच, सगळं जिथल्या तिथे होतं. पहिलीची चप्पलसुद्धा. दुसरीचं शिवणयंत्र तेवढं दारामागे अडकून पडलं होतं. शिवायला बसायचं तर दार लागत नव्हतं, आणि दार लावलं तर उजेड नव्हता. तिने एकदा खिडकीकडे पाहिलं होतं. तिथे मोजणीदाराची खुर्ची होती.

“आणि दगड हलवले होते का?” टाकीवाल्याने विचारलं.

“कुठले दगड?”

“टाकीतले. नवा मासा सोडायच्या आधी.”

“हद्दीचा दगड हलवणं गुन्हा आहे,” मोजणीदार म्हणाला. चाळीस वर्षांत हे वाक्य इतक्यांदा बोलून झालं होतं की ते आता त्याला न विचारता बाहेर पडायचं.

“माणसांत असेल, साहेब. तुमच्या माशाला एकेक दगड पाठ आहे. नवा कुठेही गेला तरी याच्याच घरात घुसल्यासारखा होतो. म्हणून आधी सगळं इकडचं तिकडे करा. दगड, लाकूड, हवेची नळी, सगळं. जुन्यालाही वाटलं पाहिजे, आपण कुठे येऊन पडलो. मग दोघंही धडपडतात. धडपडणाऱ्याला भांडायला सवड नसते.”

“आणि जुना चिडला तर?” दुसरी बायको इतक्या वेळात पहिल्यांदाच बोलली.

“चिडू द्या की, ताई. निदान जागचा हलेल तरी.”

त्याने ताटलीएवढा, चपटा, सोशिक चेहऱ्याचा एक मासा पिशवीत बांधून दिला.

घरी आल्यावर मोजणीदार तिला म्हणाला, “पिशवी धरा.” त्याने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. पाणी गार आहे की कोमट, ते त्याला कळलं नाही. दगड हलवले, लाकूड आडवं केलं. जुना मासा सवयीने लाकडाच्या आडोशाला गेला. आडोसा नव्हता. तो तिथेच थबकला. नवा दुसऱ्या टोकाला वाट चुकला. कोणी कोणाला चावलं नाही.

मोजणीदार जेवायला उठून गेला. ती मात्र टाकीसमोरून बराच वेळ हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या फेरीला गेला. अकराशे पावलं जायची, अकराशे यायची. परत आला. चष्मा खिशात ठेवला, सात पावलं चालला, वळला आणि बसला.

खुर्ची नव्हती.

“अहो, बघून...” एवढे शब्द येईपर्यंत मोजणीदार फरशीवर पोचला होता. असा दणका बसला की टाकीतले दोन्ही मासे एकाच कोपऱ्यात, खांदे असते तर खांद्याला खांदा लावून, उभे राहिले.

त्याने चष्मा चाचपून डोळ्यांवर चढवला. खिडकीशी शिवणयंत्र होतं, सुईत दोरा ओवलेला. खुर्ची पलीकडच्या भिंतीला. कपाट, टेबल, काहीच ओळखीच्या जागी नव्हतं. ती आतल्या दारात उभी होती. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात पहिलीची पुसलेली चप्पल. चेहरा पांढराफटक.

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. “आधी विचारायला हवं होतं. सगळं होतं तसं ठेवते परत.”

मोजणीदाराने हात कंबरेला लावला. कंबरेतून काहीतरी वर सरकत होतं. पाठीत आलं, छातीत आलं. ओळखीचं होतं, पण फार दिवसांत भेटलेलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

“राहू दे,” तो म्हणाला. “दुखतंय मला.”