दोनशे बारा खडक

"पण ओळी शाबूत आहेत ना, मॅडम," मच्छीमार सोसायटीचा ऑपरेटर सुहास म्हणाला, आणि वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ओळी होत्या खऱ्या. दोनशे बारा. पण प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली दडलेला एकेक खडक, त्याचं नाव, तो चुकवायची खूण, सगळं म्हाताऱ्या हिराजी तांडेलांनी, जन्मभर या खाडीत होडी हाकलेल्या माणसाने, तिला तोंडी सांगितलं होतं. तीन वर्षं दर शनिवारी सोसायटीच्या याच कम्प्युटरवर तिने ते टाइप केलं होतं. आज सकाळी सुहासने ती फाईल मराठी न ओळखणाऱ्या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केली.

"अक्षरं जातील, चालेल का, असं कम्प्युटरने विचारलं असेल ना?"

"तो नेहमीच काहीतरी विचारतो. मी ओके दाबतो."

"वाचायला काय धाड भरली होती तुम्हाला?"

ती आणखी बोलणार, तोच बाकावर बसलेले हिराजी काठी टेकत आले आणि पडद्याकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं.

"सगळं गेलं, तात्या," ती म्हणाली. "यांनी घालवलं."

"माझ्याकडचं कुठं गेलंय? पहिला खडक कुठला, सांग बरं."

वैजयंतीने पडद्यावरच्या पहिल्या ओळीकडे पाहिलं.

"तिकडं काय बघतेस," म्हातारा कडाडला. "तीन वर्षं मी कुणाशी बोलत होतो?"